खुंट आणि डोळा

बाग विकली त्या वर्षी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, काटोलहून एकच वस्तू नागपूरला आणली: विहिरीजवळच्या झाडाचा डोळा भरून केलेलं संत्र्याचं कलम. गच्चीवर सिमेंटच्या कुंडीत ते आठ वर्षं होतं. वर्षाला दहा-बारा संत्री यायची, आंबटच. पण मामाजी ती मोजून वाटायचे.

ते गेले, आणि पुढच्या पावसाळ्यात कोवळी पानं पिवळी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या. दुकानदार म्हणाला, लोह कमी पडतंय. फेरस सल्फेट झालं, झिंक फवारून झालं, फरक शून्य. मग मी पानं सोडून कुंडीकडे पाहिलं. खालचं भोक बुजलेलं, आणि गच्ची ओली नको म्हणून मीच ठेवलेल्या ताटलीत पाणी. झाड उपसलं तर मातीचा गाळ झालेला, कुबट वास. मुळी चिमटीत धरून ओढली की साल हातात यायची आणि आत दोऱ्यासारखी तार उरायची. लोह मातीत असेलही. ते उचलायला मुळंच राहिली नव्हती.

पाणी कोणी घातलं? मीच. मामाजी डिसेंबरात पाणी तोडायचे, आंबिया बहारासाठी ताण द्यायचे. पानं मलूल व्हायची, मला बघवायचं नाही, मी चोरून तांब्याभर ओतायचे. ते होते तोवर तांब्या; ते गेल्यावर सकाळ-संध्याकाळ बादली.

कुजकी मुळं छाटली, पोयट्यात वाळू नि शेणखत कालवून झाड पुन्हा लावलं, सावलीत ठेवलं. तरी वरचं संत्रं शेंड्याकडून वाळत वाळत खाली आलं. होळीच्या सुमाराला बुंध्यातून तरतरीत फुटवे निघाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "जगलं बाई तुमचं झाड!" मी पान चुरगाळून हुंगलं. संत्र्याचा वास नव्हता, लिंबाचा होता. काटेही दणकट. डोळा भरला होता त्याच्या खालून फुटलेली ती जंबेरी होती, संत्र्याचा खुंट.

तर मग जगलं ते काय?

एम.ए.ला मला पाली होतं. मिलिंदपञ्हात ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, भिक्खू नागसेनाला विचारतो: पुन्हा जन्मतो तो तोच, की दुसरा? नागसेन म्हणतो, तोही नाही आणि दुसराही नाही. तिथेच आंबेचोराचा दाखला येतो. चोर म्हणतो, मालकानं लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे. तरी तो दोषी, कारण हे आंबे त्या आंब्यांमुळेच आले. परीक्षेत मी हे उत्तर पाठ करून लिहिलं होतं, मार्कही बरे पडले होते.

आता कुंडीपुढे ते काही केल्या सुटेना. मामाजींचं झाड म्हणजे वरचं संत्रं? तो तर विहिरीजवळच्या झाडाचा तुकडा, आणि ते झाड आणखी कुठल्या झाडाचा. आठ वर्षं त्यांनी पाणी पाजलं ते जंबेरीच्याच मुळांना. गीतेतला जुन्या वस्त्रांचा दाखला घेऊन पाहिला, पण इथे देह कोणता आणि वस्त्र कोणतं हेच ठरेना. मुलगा म्हणाला, "आई, उपट ते. नवं आणू." त्यानं पाली घेतलं नव्हतं.

फुटव्यांतला एकच ठेवला. तो पेन्सिलीएवढा जाड झाल्यावर या डिसेंबरात काटोलला गेले. विहिरीजवळचं झाड उभं होतं. बागेचे आताचे मालक म्हणाले, "घ्या ना ताई डोळकाडी, तुमचंच झाड होतं." ते 'होतं' मला नीट ऐकू आलं. बसमध्ये ओल्या फडक्यातली काडी मांडीवर घेऊन बसले आणि एकदम आंबेचोर आठवला. सातबाऱ्यावर आमचं नाव नाही. मामाजींनी लावलेलंच मी परत नेत होते, आणि तरी परक्याच्या बागेतून. नागसेनानं कोणाच्या बाजूनं निकाल दिला असता, देव जाणे. (नागसेनाच्या बाबतीत हा वाक्प्रचार जरा चुकतोच.)

कलमा भरण्यात आयुष्य गेलेल्या एका काकांना गच्चीवर आणलं. त्यांनी जंबेरीच्या सालीला टी-आकाराची चीर दिली, नखाएवढा डोळा आत सरकवला, प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली. डोळ्याखाली पानाचा देठ तेवढा ठेवला. "वीस दिवसांनी देठाले बोट लावून पाहा. गयला त लागला, चिपकून रायला त मेला." आणि जाताना म्हणाले, लागला की वरची जंबेरी छाटून टाका, नाहीतर ती डोळ्याला वाढू देणार नाही.

विसाव्या दिवशी बोट लावलं. देठ अलगद मातीत पडला. डोळा हिरवा होता.

वरची जंबेरी आता माझ्या कमरेएवढी आहे, पानं कशी तुकतुकीत. माझ्या बादल्यांतून वाचली ती हीच. आज सिकेटर आणि तांब्या घेऊन वर गेले. माती बोटभर उकरून पाहिली, ओल होती. दोन्ही वस्तू तशाच घेऊन खाली आले.