धरा, धरा!

‘चोर! चोर! धरा, धरा!’ अशी आरोळी कानी पडली, की वाटेवरच्या माणसाचा पाय आपसूक आडवा येतो. यात वावगे काही नाही. इंग्लंडात १२८५ सालच्या विंचेस्टरच्या कायद्याने तर अशा आरोळीमागे धावणे हे गावकऱ्यांचे कर्तव्यच ठरवले होते. पण तेव्हा चोर फार तर घोड्यावर असे. आता तो मोटारीत असतो आणि मागे पोलिसांची मोटार. अशा वेळी आपण आपली मोटार मध्ये घालावी काय?

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात २००१ साली एकोणीस वर्षांचा एक मुलगा ताशी ५५ मैलांच्या मर्यादेत ७३ मैलांनी गेला आणि पोलिसांच्या इशाऱ्याला थांबला नाही. पाठलागाअंती एका अधिकाऱ्याने आपल्या गाडीने त्याला मागून धक्का दिला. मुलाची गाडी रस्ता सोडून कोसळली आणि तो जन्माचा पंगू झाला. २००७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या नऊपैकी आठ न्यायाधीशांनी अधिकाऱ्याची बाजू उचलून धरली. त्या वेगाने इतरांचे प्राण धोक्यात आले होते, असे त्यांचे म्हणणे. मला हा निकाल कठोर वाटतो. तरी निदान त्या धक्क्याचा जाब विचारता येईल असा अधिकारी तिथे होता. हौशी मदतनीसाला काय दिसते? कोणीतरी पळतो आहे, इतकेच. का पळतो, आणि मागच्या बैठकीवर एखादे पोर निजले आहे काय, हे त्याला कुठे ठाऊक असते?

आपल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडला, तर सामान्य माणूसही गुन्हेगाराला धरू शकतो. सहा तासांत पोलिसांच्या हवाली मात्र केले पाहिजे. पोलिसाने वाजवी मदत मागितली, तर ती देणे बंधनकारकच आहे. पण भर रस्त्यात शेजारून सुसाट गेलेल्या मोटारीबाबत आपण बहुधा गुन्हा पाहिलेला नसतो, आणि आपल्याला कोणी हाकही मारलेली नसते.

‘मी जिवावर उदार आहे,’ असे कोणी म्हणेल. असावे की! पण वेग दुप्पट झाला, की आघात चौपट होतो, आणि तो कडेने जाणाऱ्या सायकलवाल्यालाही बसतो. त्याला कोणी विचारले?

मात्र तीच मोटार जत्रेच्या गर्दीवर चालून येत असेल आणि एखाद्याने आपला रिकामा ट्रक आडवा घातला, तर त्याला मी दोष देणार नाही. तो चोर धरत नसतो, माणसे वाचवत असतो. एरवी गाडी कडेला घ्यावी, नंबर टिपावा, ११२ ला कळवावे. घरी मुलांना सांगायची गोष्ट थोडी फिकी होईल खरी.