आठवड्याचा एक सू

परदेशी मिशनात गेलेल्या कॅथलिक धर्मगुरूचा भार मायदेशातील धर्मग्रामांनी उचलण्याची आजची पद्धत फ्रान्समधील ल्योन शहरात आकाराला आली. त्याआधी मिशनांचा खर्च मुख्यतः राजे, धनिक आणि धर्मसंघ करीत. पोर्तुगीज मिशने तर पाद्रुआदोच्या, म्हणजे राजाश्रयाच्या व्यवस्थेवरच उभी होती. फ्रेंच राज्यक्रांतीत मठ बंद पडले, चर्चच्या मालमत्ता जप्त झाल्या आणि फ्रान्सपुरता हा जुना आधार कोसळला. पॅरिसच्या सेमिनरीत शिकणारा फिलेआस जारिको ल्योनमधील बहिणीला पूर्वेकडील मिशनांची दैना कळवू लागला, तो या पडझडीनंतरच्या काळात.

त्याची बहीण पोलिन (१७९९-१८६२) रेशीम व्यापाऱ्याची मुलगी. तिने रेशीम कारखान्यांतील कामगार मुलींना हाताशी धरले. प्रत्येकीने आठवड्याला एक सू द्यायचा. सू म्हणजे फ्रँकचा विसावा हिस्सा. दहा जणींचा एक गट, दहा गटांवर एक प्रमुख, त्यावर हजारांचा प्रमुख अशी तिची रचना होती. दिवसभर राबणाऱ्या मुलीलाही झेपेल इतकीच रक्कम मागायची, पण ती दर आठवड्याला न चुकता मागायची, हे या योजनेचे मर्म. पैशाबरोबर रोजची प्रार्थनाही अपेक्षित होती. नाव कोणाचेही मोठे होत नव्हते, आणि म्हणूनच ही रचना टिकली.

याच सुमारास अमेरिकेतील लुइझियानाचे बिशप द्युबूर यांच्यासाठी ल्योनमध्ये मदत गोळा करण्याचे प्रयत्न चालू होते. ३ मे १८२२ रोजी शहरातील काही प्रापंचिक एकत्र आले, तेव्हा त्यांच्यापैकी बेन्वा कोस्त यांनी एकट्या लुइझियानासाठी संस्था काढण्यास विरोध केला. मदत जगभरच्या मिशनांसाठी हवी, असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला आणि श्रद्धाप्रसार संस्था जन्माला आली. पहिली रक्कम लुइझियाना, केंटकी आणि पूर्वेकडील मिशने यांत वाटली गेली. गोळा करण्याची रीत पोलिनची आणि वाटण्याचे तत्त्व कोस्त यांचे. या दोहोंपैकी एकच असते, तर ही चळवळ ल्योनच्या वेशीबाहेर फारशी गेली नसती. पोलिन स्वतः पुढे एका फसलेल्या कारखान्याच्या कर्जात बुडाली आणि दारिद्र्यात वारली. चर्चने तिला २०२२ मध्ये धन्य घोषित केले. एवढा उशीर व्हायला नको होता.

संस्थेने मिशनऱ्यांची पत्रे छापून दर दहाच्या गटाला एक प्रत देण्याची प्रथा पाडली. प्रत हातोहात फिरे आणि चीनमधला किंवा अमेरिकेतला अनोळखी फादर ल्योनच्या घरांत ओळखीचा होई. १९२२ मध्ये पोप अकरावे पायस यांनी संस्थेचे केंद्र रोमला नेले आणि १९२६ मध्ये मिशन रविवार सुरू केला. ऑक्टोबरमधील शेवटून दुसऱ्या रविवारी जगभरच्या चर्चमधील दान सामायिक निधीत जमा होते.

याखेरीज धर्मग्रामाची मदत आणखी वाटांनी पोहोचते. सुट्टीवर आलेला मिशनरी रविवारच्या मिस्सात प्रवचन देतो आणि त्या दिवशीचे दान त्याच्या कामाला मिळते. मिस्सासाठी दिलेले दानही मिशनांकडे जाते. सधन धर्मग्रामात लोकांनी सांगितलेल्या मिस्सा तिथल्या धर्मगुरूंना पुरून उरतात. उरलेल्या, दानासह, गरीब मिशनातील धर्मगुरूकडे सोपवल्या जातात. धर्मगुरूला दिवसाला सहसा एकाच मिस्साचे दान स्वतःसाठी ठेवता येते. ही रक्कम लहान असली, तरी दुर्गम ठाण्यावर तिचा मोठा आधार असतो.

पोप बारावे पायस यांच्या १९५७ च्या ‘फिदेई दोनुम’ या परिपत्रकानंतर धर्मग्राम आणि मिशनरी यांचे नाते अधिक जवळचे झाले. बिशपांनी आपले धर्मप्रांतीय धर्मगुरू, विशेषतः आफ्रिकेला, काही वर्षांसाठी द्यावेत, असे त्यात आवाहन होते. असा धर्मगुरू मूळ धर्मप्रांताचाच राहतो. त्यामुळे ज्या गावाने त्याला लहानपणापासून पाहिले, ते गाव त्याचे काम आपले मानते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ मध्ये धर्मग्रामांनी आपल्यातून गेलेल्या मिशनऱ्यांशी संपर्क ठेवावा, असे सुचवले.

अडचणही इथेच आहे. ओळखीच्या फादरला मदत सहज मिळते. जो चांगली पत्रे लिहितो, ज्याचे गाव सधन आहे, त्याच्या ठाण्यावर शाळा आणि दवाखाना उभा राहतो. शेजारच्या ठाण्याला काहीच मिळत नाही. शिवाय एका देशावर विसंबलेले मिशन त्या देशाबरोबर संकटात सापडते. मुंबई-पुणे मिशन जर्मन जेसुइटांकडे होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने त्यांना स्थानबद्ध करून मायदेशी धाडले, आणि मुंबईचे काम पुढे स्पॅनिश जेसुइटांकडे गेले. त्याहून गंभीर धोका असा, की पैसा देणारे गाव मिशनाचा मालक असल्यासारखे वागू लागते. यावरचा एक उपाय जुनाच आहे. फ्रान्समधील कां शहरच्या स्तेफानी आणि जान बिगार या मायलेकींनी १८८९ मध्ये स्थानिक धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी निधी उभारायला घेतला. बाहेरच्या मदतीची गरज कमी करणारी मदत म्हणून ती कित्येक इमारतींपेक्षा मोलाची ठरते.

भारतीय धर्मगुरू आज जर्मनीतील आणि अमेरिकेतील धर्मग्रामांत सेवा करीत आहेत. देणारा आणि घेणारा या जागा कायमच्या नसतात. ज्या धर्मग्रामाचा एखादा फादर परदेशात आहे, त्याने त्याला जरूर पत्र लिहावे, त्याची गरज विचारावी आणि ती भागवावी. मिशन रविवारचे दान मात्र पूर्णच्या पूर्ण सामायिक निधीत जाऊ द्यावे, कारण ज्या ठाण्याचे नावही कोणाला ठाऊक नाही, त्याच्यापर्यंत पोहोचणारा तोच मार्ग आहे.