आधी जागा, मग माणूस

तात्यापारा. रायपुरातल्या या वस्तीच्या नावात दोन भाषा शेजारी नांदतात. ‘तात्या’ मराठी कानाला घरचा वाटतो. ‘पारा’ छत्तीसगढी, म्हणजे आळी. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज इकडे आली, 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले आणि 1854 मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्यच खालसा केलं. मराठी घरं मात्र टिकली, पुढे नोकरीधंद्यासाठी आलेल्यांची त्यांत भर पडत गेली. आमचं घर त्या भरीतलं. मी घरात मराठी बोलते, कचेरीत हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. स्वतःचा फोटो काढायला बसले, तेव्हा यांतली कोण चौकटीत यावी हेच मला ठरवता येईना.

सेल्फीत हा प्रश्न पडत नाही. हातभर अंतरावर पडदा असतो, त्यात आपण आरशातल्यासारखे उलटे दिसतो. हनुवटी जरा खाली, मान जरा तिरकी, आणि चेहरा आवडेपर्यंत थांबायचं. तेलीबांधा तलावाच्या काठी, ज्याला सगळं गाव मरीन ड्राइव्ह म्हणतं, तिथे संध्याकाळी शेकडो चेहरे असे स्वतःला सावरत उभे असतात. त्यात वाईट काही नाही. पण स्वतःवर सतत पहारा ठेवलेला माणूस त्या फोटोत येतो, असं मला वाटतं.

टायमर लावून काढलेल्या फोटोचं तसं नसतं. फोन स्टुलावर टेकवायचा आणि समोर पाहायचं, तर तिथे आपण नसतोच. दार, खिडकी, कपाट दिसतं. आधी जागा ठरवावी लागते. आपण कुठे मावू याचा अंदाज बांधावा लागतो. मग दहा सेकंदांत धावत जाऊन त्या जागेत उभं राहायचं. त्या क्षणी आपण कसे दिसतो हे आपल्याला कळत नाही, आणि या प्रकाराचं मोल मला त्या न कळण्यातच दिसतं.

रॉबर्ट कॉर्नेलियस या दिव्यांच्या व्यापाऱ्याने 1839 मध्ये फिलाडेल्फियात स्वतःचा फोटो काढला, तोही असाच रिकाम्या जागेचा अंदाज बांधून. केस विस्कटलेले, हाताची घडी, आणि चेहरा चौकटीच्या मधोमध नाही, एका बाजूला सरकलेला. ती सरकलेली मान मला फार जवळची वाटते. आपल्याकडे चित्रकार अमृता शेरगिलचे वडील उमरावसिंग कित्येक दशकं स्वतःचे फोटो काढत राहिले. वय, पेहराव, घर, सगळं बदलत गेलं तरी ते कॅमेऱ्यासमोर पुन्हा पुन्हा बसले. एका फोटोत माणूस संपत नाही, हे त्यांना उमगलं असावं.

आमच्या या मुलुखात तर दुसऱ्यांनी काढलेल्या फोटोंचा इतिहास मोठा आहे. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चारखंडी ग्रंथ 1916 मध्ये निघाला. त्यातल्या चित्रांखाली बहुधा जातीचं किंवा धंद्याचं नाव असतं. समोर उभ्या असलेल्या बाईला स्वतःचं नाव होतं, ते तिथे येत नाही. कलावंत पुष्पमाला एन. यांनी 2000 ते 2004 या काळात छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत अशी जुनी चित्रं स्वतःच्या देहावर पुन्हा उभी केली. मोजमापाच्या चौकटी आखलेल्या पडद्यापुढे त्या स्वतः उभ्या राहिल्या. ती चित्रं पाहताना मला लाज वाटली, कारण पूर्वी मूळ फोटो मी किती सहज पाहिले होते!

इथल्या म्हाताऱ्या बायका म्हणतात, दागिने इथेच राहतात, गोदना, म्हणजे गोंदण, तेवढा सोबत येतो. स्वतःची ओळख अंगावर कोरून घेतलेल्या त्या बायांना फोटोची गरज कमी असावी. मला ती आहे.

पहिल्या खेपेला मी नऊवारी नेसले, नथ घातली. फोटो सुरेख आला, आणि त्यात गणेशोत्सवाच्या स्टेजवरची कुणीतरी बाई होती. दुसऱ्या खेपेला ऑफिसचा कुर्ता घातला; तीही मीच, पण ओळखपत्रावरची. मग आई गेली त्या पावसाळ्यात स्वयंपाकघरात फोन टेकवला. फडताळात पुण्याहून आलेला गोडा मसाला, त्याला खेटून शेजारणीने दिलेल्या छत्तीसगढी बिजौरीच्या वड्यांचा डबा. आई जिथे पाट मांडून बसायची ती जागा मी मधोमध धरली. तिथे बसायचं म्हणून टायमर लावला आणि धावले.

तिथे बसवलं नाही. सेकंद संपले तेव्हा मी फडताळाशी उभी होते, अर्धी चौकटीबाहेर, चेहरा हललेला. मधल्या फरशीवर खिडकीचा उजेड तेवढा पडलाय.

तो फोटो मी छापून घेतला आहे.