आघातानंतरचे आंदोलन

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्थितप्रज्ञाची लक्षणे विचारतो, तेव्हा तो पुरुष कसा बोलतो, कसा बसतो आणि कसा चालतो, असे अगदी डोळ्यांना दिसण्याजोगे प्रश्न तो विचारतो. आणि त्यांतल्या शेवटच्या प्रश्नाकडे, म्हणजे स्थितप्रज्ञाच्या चालीकडे, मी आयुष्याची बरीच वर्षे लक्षच दिले नाही. समत्व म्हणजे आघात न लागणे, अंतःकरणाचा पाषाण होणे, अशी माझी समजूत होती. ती ढळली जुन्नर तालुक्यातील एका गॅरेजात, धाकट्या भावाच्या पिकअपखाली उकिडवे बसलो असताना.

भाऊ टोमॅटो पिकवतो आणि वीस-वीस किलोचे क्रेट भरून नारायणगावच्या बाजारात नेतो. गुदस्ता हंगामाच्या ऐन भरात त्याची गाडी एखाद्या खड्ड्यातून गेली की पुढे कितीतरी अंतरापर्यंत डुलत राही, आणि मागच्या बाजूच्या क्रेटमधला माल बाजारात पोहोचेपर्यंत चेंबून जाई. मिस्त्रीने मागचे दोन्ही शॉकअप उतरवले, तेव्हा त्यांच्या अंगावर गळलेले तेल आणि धूळ यांचा काळा लेप बसला होता, आणि त्यांपैकी एकाचा दांडा तर नुसत्या हाताने, काहीही विरोध न होता, आत-बाहेर सरकत होता.

आघात शोषणारा हे त्या वस्तूचे नाव मुळात फसवे आहे. चाक आपटते तेव्हा तो आघात पोटात घेतात ते पोलादी पाटे. गाडीचा भारही त्यांच्यावरच असतो, आणि शॉकअप काढून ठेवले तरी उभ्या गाडीची उंची जवळजवळ होती तेवढीच राहते. परंतु पाट्याचा स्वभावच असा की घेतलेले तो परत देतो, देताना मर्यादेपलीकडे जातो, पुन्हा मागे येतो, आणि एका खड्ड्याचे दहा खड्डे करतो. शॉकअपचे काम येथून पुढे सुरू होते. त्याच्या नळकांड्यातला दट्ट्या तेलातून सरकू लागला की त्या तेलाला झडपांच्या बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते, आणि त्या ओढाताणीत आंदोलनाची सारी शक्ती उष्णता होऊन पत्र्यावाटे हवेत निघून जाते. त्यातही योजना अशी असते की दबताना विरोध बेताचा व्हावा आणि उसळताना त्याहून पुष्कळ अधिक व्हावा. मिस्त्रीने हे सांगितले त्या क्षणी मी हातातला पाना खाली ठेवला. कारण आघात स्वीकारताना मृदू आणि प्रत्याघात आवरताना कठोर, हे तितिक्षेचे वर्णन मला इतक्या नेमकेपणाने कोणीही ऐकवले नव्हते.

संयुत्तनिकायात भगवान बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. देहाला वेदना होते हा पहिला बाण. तो ज्ञानी आणि अज्ञानी दोघांनाही लागतो. त्या वेदनेमागून मन जो शोक, जो संताप उभा करते तो दुसरा बाण, आणि ज्ञान्याची सुटका आहे ती केवळ या दुसऱ्यातून. मग आपण पहिल्याच बाणाला भिऊन अंतःकरणाचे पाटे का काढून टाकू पाहतो?

मी ते करून पाहिले आहे. वडील गेले त्याच्या पंधराव्या दिवशी मी कचेरीत रुजू झालो, एक अश्रू ढाळला नाही, आणि आपल्याला समत्व साधले अशी माझी खात्री झाली. त्या वर्षी माझ्या हाताखालच्या माणसांनी आणि घरच्या मंडळींनी माझ्या तोंडून किती कठोर शब्द सोसले, याचा जमाखर्च मी कधी मांडला नाही. भावाची गाडी पुढे ओतूरच्या रस्त्यावर नेली, तेव्हा तो मला फार उशिरा मांडावा लागला.

घडले असे की दुकानदाराने अधिक कणखर म्हणून दिलेली पहिली जोडी रिकाम्या गाडीला मानवली नाही. विरोध प्रमाणाबाहेर असला की दबलेला पाटा पुढचा खड्डा येण्यापूर्वी आपल्या जागी परतू शकत नाही, चाक क्षणभर रस्ता सोडते, आणि प्रत्येक हिसका थेट हौद्यात उतरतो. बाहेरून पाहणाऱ्याला गाडी मोठी स्थिर दिसते, पण आतला माल ठेचला जातो.

दुसरी, मध्यम विरोधाची आणि नत्रवायू भरलेली जोडी बसवताना मिस्त्रीने जी काळजी घेतली तिचा तपशील मी मुद्दाम देतो. गाडी घोड्यांवर उचललेली आणि चाके लोंबती असताना त्याने बोल्ट नुसते ओवून ठेवले. गाडी खाली टेकून भार पाट्यांवर आल्यावरच ते अखेरचे आवळले. अधांतरी आवळले तर डोळ्यांतले रबरी बुश त्याच स्थितीत जखडतात, भार येताच पिळवटतात, आणि लवकरच फाटतात. एकांतात, कोणतेही ओझे अंगावर नसताना घट्ट केलेल्या माझ्या कित्येक निश्चयांची गत मला त्या वेळी आठवली.

रुजुवात कशी करायची हा प्रश्न उरला. गाडीचा कोपरा दाबून सोडला की तिने एकदा वर येऊन स्वस्थ व्हावे, ही चाचणी मामुली. तिने पार निकामी झालेला शॉकअप तेवढा ओळखू येतो. खरी परीक्षा तोच रस्ता, तोच वेग, एकदा रिकामी गाडी आणि एकदा भरलेली, अशी घ्यावी लागते. आणि तीतही चालकाची साक्ष अपुरी, कारण तो पुढे गादीवर बसलेला असतो. भावाने ती साक्ष सर्वांत मागच्या क्रेटकडून घेतली. नारायणगावला पोहोचल्यावर त्याने क्रेट उतरवून एकेक फळ हातात फिरवून पाहिले, आणि मी शेजारी उभा राहून विचार करीत होतो की माझ्या समत्वाविषयी मला विचारून काय उपयोग. ते माझ्या मागे बसून ज्यांनी प्रवास केला त्यांना विचारावयास हवे होते, आणि त्यांपैकी आई आता राहिली नाही.

माल चांगला निघाला होता. भावाने मला मागच्या चाकाशी बोलावले. एक बाजू गार लागली तर ती काम करीत नाही असे समजावे, असे मिस्त्रीने त्याला बजावले होते.

"दादा, हात लावून बघ," तो म्हणाला.

मी वाकून आधी डाव्या आणि मग उजव्या नळकांड्यावर तळहात टेकला. दोन्ही सारखीच तापली होती.