आखूडशिंगी, बहुगोळी

आमच्या घराण्याचा एकूण शस्त्रसंभार म्हणजे एक विळी, एक अडकित्ता आणि माळ्यावरची एक काठी. खंडेनवमीला आजोबा ही तिन्ही आयुधं पाटावर मांडत आणि हळदकुंकू लावून झेंडूची फुलं वाहत. त्यांतल्या काठीनं आयुष्यात एकदाच पराक्रम गाजवायचा प्रयत्न केला, तोही बोक्यावर. आणि बोका निसटला. अशा क्षात्रतेजानं तळपणाऱ्या घराण्यातला माझा पुतण्या टेक्सासहून फोनवर म्हणाला, "काका, रायफल घेतली." मी आपला 'राईसप्लेट घेतली' असं ऐकलं आणि म्हणालो, "घे की, पण सोबत ताक घेत जा."

दिवाळी उरकून आम्ही दोघं ह्यूस्टनला गेलो, तेव्हा त्या राईसप्लेटचं दर्शन झालं. चहा झाल्यावर त्यानं बेडरूममधलं पोलादी कपाट उघडलं आणि लग्नातला शालू दाखवावा तशी ती अलगद बाहेर काढली. काळीभोर, मीटरभरही लांब नाही, वजन चारेक किलो. अमेरिकन सैन्यानं १९५७ साली स्वीकारलेल्या एम-१४ रायफलीची ही धाकटी, बुटकी, नागरी बहीण. अशा जातीला तिकडे 'बॅटल रायफल' म्हणतात, म्हणजे पूर्ण ताकदीचं लष्करी काडतूस खाणारी. काडतूस ७.६२ मिलिमीटरचं. आपल्या जवानांच्या हातात वर्षानुवर्षं इशापूरची जी एसएलआर होती, तिचंही खाणं हेच.

नळी सव्वासोळा इंच. मी विचारलं, "हे वरचं पाव कशाला?" तर म्हणे, सोळा इंचांहून आखूड नळी असली की केंद्रीय कायद्याखाली वेगळी नोंदणी करावी लागते. म्हणजे ते पाव इंच बंदुकीचं नव्हे, वकिलाचं. चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटते. पण त्या गोळीमागचा वायू आतली यंत्रणा मागं ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि स्प्रिंग परतताना पुढची गोळी आपसूक जागेवर बसवते. पंगतीत आग्रह करणाऱ्या वाढप्यासारखं! लाडू संपतो न संपतो तो दुसरा पानात. अशा वीस लाडवांची सोय एका मॅगझिनमध्ये. थोडक्यात, आखूडशिंगी आणि बहुदुधी गाय आमच्या कुळात अखेर आली. फक्त दूध तेवढं निराळं.

मी विमानात अहिंसेवर एक व्याख्यान तयार करून आणलं होतं. त्यातला पहिला मुद्दा काढला. "आपल्याकडे परवान्याच्या अर्जात 'कशासाठी हवी?' हे सांगावं लागतं. तुला कुणी विचारलं?"

"नाही," तो म्हणाला. दुकानात भरायच्या फॉर्मवर प्रश्न पुष्कळ होते. गुन्हा केलाय का, नशापाणी करता का, वेडाच्या भरात कधी कोर्टानं काही ठरवलंय का. पण 'कशासाठी?' हा प्रश्न नव्हता. हक्काला कारण लागत नाही. तो हक्क १७९१ सालच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीतला, आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणाऱ्या एकट्यादुकट्या माणसालाही तो आहे.

"आणि काका, पोलीस यायला इथं वीस मिनिटं लागतात. तुमच्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमन आहे ना? काठी घेऊन?"

"आहे."

"चोर आला तर त्यानं काय करावं अशी तुमची अपेक्षा आहे? सुसंवाद?"

मी गप्प. तो हसत म्हणाला, "तुमची अहिंसा कंत्राटावर चालते, काका. मारामारीचं काम दुसऱ्याला पगारावर दिलंय, एवढंच." व्याख्यानाचे उरलेले मुद्दे मी खिशातच ठेवले. मुद्दा त्याचा खरा होता आणि वॉचमनचा पगार तर चार महिने वाढवलेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "रेंजवर चला. नुसतं बोलण्यापेक्षा एकदा उडवून बघा." पण इथं एक गंमत निघाली. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसानं बंदूक हातात धरणंसुद्धा तिकडच्या केंद्रीय कायद्याला मंजूर नाही. अपवादांपैकी एक, शिकारीचा परवाना! त्यासाठी शिकाऱ्यांचा एक अभ्यासक्रमही असतो, पण सप्टेंबर १९७१ पूर्वी जन्मलेल्यांना टेक्सासात तो माफ आहे. म्हाताऱ्यांना शिकवून उपयोग नाही हे तिथंही ठाऊक आहे. अशा रीतीनं, अंड्याचा केक खाताना डोळे मिटून घेणारा मी, टेक्सास राज्याचा अधिकृत शिकारी झालो. सौ. म्हणाली, "आता घरी गेल्यावर आधी झुरळांचं बघा."

मी पूर्वी बंदूक उडवली होती ती १९७० साली, एनसीसीत. आणि एनसीसीत गेलो होतो तो परेडनंतरच्या रिफ्रेशमेंटसाठी. ती रायफल पॉइंट टू टूची. हिच्या गोळीत त्या गोळीच्या सुमारे वीसपट जोर. कानांवर पेल्यांसारखी झाकणं चढवली, डोळ्यांना चष्मा लावला. पुतण्यानं विचारलं, "कागद कुठला लावू? वर्तुळांचा की माणसाच्या आकृतीचा?" मी ताठ मानेनं म्हणालो, "वर्तुळांचा." शाकाहार म्हणजे शाकाहार.

पहिल्या गोळीला खांद्यावर कुणीतरी पाटा हाणला असं वाटलं. जमीन हादरल्याचा भास झाला. दुसरीला डोळे उघडे राहिले. तिसरी वर्तुळात गेली. चौथीपासून मला काय झालं ते अजून नीट सांगता येत नाही. जळक्या दारूचा तो वास, गरम पुंगळ्यांची सिमेंटवरची किणकिण, आणि पन्नास यार्डांवर मी बोट हलवलं म्हणून पडलेलं भोक! ज्याच्या शब्दाला घरात रिमोटसुद्धा मिळत नाही, त्याचं एक बोट इतक्या लांबवर पोचत होतं. मॅगझिन संपलं. मी झाकण वर करून विचारलं, "अजून आहेत का रे?"

आणि पुतण्यानं नवा कागद हातात घेतला तेव्हा मीच म्हणालो, "आता तो दुसरा लाव."

परत येताना गाडीत दोघंही गप्प होतो. तो माझ्यावर खूष होता. मी कुणावर नाराज होतो ते मला कळत नव्हतं.

रात्री जेवताना त्याची आठ वर्षांची मुलगी शाळेतल्या गमती सांगत होती. "आजोबा, आज आमचं लॉकडाऊन ड्रिल होतं. दार लॉक करायचं, लाइट बंद करायचा, आणि सगळ्यांनी कोपऱ्यात बसायचं. अजिबात आवाज नाही. मी सगळ्यांत शांत बसले. टीचरनी मला स्टिकर दिला." तिनं फ्रॉकवरचा चांदणीचा स्टिकर दाखवला. आम्हीही लहानपणी लपंडावात असेच श्वास धरून बसायचो; फक्त आमच्यावर राज्य कुणावर आहे हे आम्हाला माहीत असायचं. सूनबाईनं न मागता सगळ्यांच्या पानात भात वाढला.

मुलगी झोपल्यावर मी पुतण्याला विचारलं, "तिच्या खोलीची भिंत कसली आहे?"

तो समजला. तिकडची घरं लाकडाच्या चौकटीची, आतल्या भिंती जिप्समच्या पत्र्यांच्या. कॅलेंडरचा खिळा जोरात मारला तर पलीकडे निघेल. ही गोळी अशा भिंती एकामागून एक ओलांडत जाते. चोर दिवाणखान्यात, आणि त्याच्यामागच्या भिंतीपलीकडे स्टिकरवाली.

"म्हणून तर मी गोळ्या गॅरेजमध्ये ठेवतो," तो हळूच म्हणाला. "वेगळ्या पेटीत. किल्लीही वेगळी."

"मग चोर आला तर?"

"त्याला पाच मिनिटं थांबायला सांगीन."

दोघंही हसलो. पण कोडं ते हसण्यानं सुटलं नाही. हाताशी ठेवावी तर पोरीला धोका, कुलपात ठेवावी तर चोराला नाही. जितकी ती घर राखायला तयार, तितकं घरच तिच्यापासून राखायला हवं. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं शमीवर बांधून ठेवली. पण त्यांना निदान ती कधी काढायची हे पक्कं माहीत होतं.

'बंदूक मारत नाही, माणूस मारतो' हे तिकडचं आवडतं वाक्य. खरंच आहे. विळीही बोट कापत नाही, आपणच कापून घेतो. पण विळीशी खेळताना 'अजून भोपळे आहेत का गं?' असं मी आजवर विचारलेलं नाही. त्या वस्तूनं माझ्यातलं काहीतरी हाक मारून बाहेर बोलावलं, आणि ते हाकेसरशी आलं. सत्तरी ओलांडलेलं, शाकाहारी, संध्याकाळी भजनाला जाणारं. पुतण्या तिला दोन कुलपांत ठेवतो. मी त्याला कुठं ठेवावं, हे अजून ठरलेलं नाही.

रायफल त्यानं विकली नाही; मीही विक म्हणालो नाही. आणखी वीस उडवून आलेल्या माणसाला तो अधिकार उरत नाही.

घरी आल्यावर बॅग उपसताना सौ.च्या हाती गुंडाळी लागली. तिनं उलगडून उजेडात धरली. छातीच्या जागी सात-आठ भोकं. त्यांतून खिडकीतलं ऊन आत आलं.

"हा कोण?" तिनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग याला एवढं का मारलंत?"