पंधरा वर्षांनंतर तीच गाडी?

हुबळी-धारवाड या सुमारे 20 किलोमीटर अंतराच्या जोडशहरांत पंधरा वर्षे धावलेल्या छोट्या ऑल्टोचे टायर, बॅटरी, क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश, कधी पिस्टन-रिंगही बदललेले असतात. मग ती तीच गाडी ठरते का? कायद्याला चासिस क्रमांक पुरतो. 15 वर्षांनी तपासणी होऊन नोंदणी आणखी 5 वर्षांसाठी वाढते.

पाली ग्रंथ ‘मिलिंदपञ्ह’ अधिक खोलात जातो. भिक्षू नागसेनाच्या मते चाक, आस, जू यांपैकी काहीच रथ नव्हे; त्यांच्या जुळणीला व्यवहारात दिलेले ते नाव आहे. सुटे भाग बदलताना हा युक्तिवाद पूर्ण पटतो, मात्र खंडेनवमीला त्याच बॉनेटवर झेंडूचा हार चढवणाऱ्या कुटुंबाची आपुलकी त्याने उलगडत नाही.

हुबळीत सिद्धारूढ स्वामींनी (निधन 1929) अद्वैताची शिकवण रुजवली. या शिकवणीला आधार असलेल्या कठोपनिषदातील दृष्टान्तात शरीर रथ आणि आत्मा रथी असतो. इथे आपुलकीचा उगम सापडतो: सलग असते ती चालवणाऱ्याची स्मृती, आणि तीच पत्र्यावर आरोपित होते. गाडी विकली की क्रमांक तोच राहतो, पण नोंदणीवर दुसऱ्याचे नाव चढते. अद्वैत या मालकीलाही उपाधीच, म्हणजे वरून चिकटलेली ओळखच, मानते.