बेभरवशाचेही नियम असतात

शेअर बाजार कोसळला, शहर तुंबलं, एखादी योजना फसली, की हल्ली चर्चेत एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘हा बटरफ्लाय इफेक्ट. कशातून काय होईल, कोण सांगणार?’ विज्ञानाचं नाव पुढे करून हात झटकण्याची ही रीत मला संतापजनक वाटते. ज्या गणितातून ही कल्पना आली, ते याच्या नेमकं उलट सांगतं. वेडीवाकडी चालसुद्धा पक्क्या नियमांतून निघते, ठरावीक परिस्थितीतच निघते आणि ती परिस्थिती शोधून काढता येते.

लंबक, घड्याळं आणि ध्वनी यांच्या जुन्या अभ्यासातून एक समज घट्ट झाला, की झोपाळ्याला ज्या तालात झोका द्यावा त्याच तालात तो अखेर झुलतो. रेषीय समीकरणांपुरतं, म्हणजे परिणाम कारणाच्या प्रमाणात असतो तिथे, ते खरंही आहे. पण १९१८मध्ये गेऑर्ग डुफिंग या जर्मन अभियंत्याने अरेषीय, म्हणजे ताणाच्या प्रमाणात न लांबणाऱ्या, स्प्रिंगचा हिशेब मांडला, तेव्हा एकाच रेट्याला दोन स्थिर उत्तरं संभवतात हे दिसून आलं.

खरा पेच पुढे आहे. १९२७मध्ये हॉलंडमध्ये बाल्थाझार व्हॅन डर पोल आणि व्हॅन डर मार्क यांनी एक साधं मंडल जोडलं: बॅटरी, रोध, कपॅसिटर आणि निऑनची नळी. कपॅसिटर भरत जातो, त्यावरचा विद्युतदाब पुरेसा वाढला की नळी पेटते, कपॅसिटर रिकामा होतो, पुन्हा भरू लागतो. त्यात त्यांनी बाहेरून नियमित प्रत्यावर्ती दाब सोडला आणि टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावला. कपॅसिटरची धारिता हळूहळू वाढवली, तर सूर घसरत खाली यायला हवा होता. तो पायऱ्या उतरला: बाहेरच्या वारंवारतेच्या निम्मा, मग एक तृतीयांश, मग एक चतुर्थांश. आणि पायरी बदलण्याआधी अनेकदा अनियमित खरखर ऐकू आली. ती त्यांनी दुय्यम म्हणून बाजूला ठेवली.

इथून प्रचलित कथा थेट १९६३वर उडी मारते: कॉम्प्युटर आला, हवामानशास्त्रज्ञ लॉरेन्झ आला, केऑस, म्हणजे नियमांतूनच उपजणारी अनियमितता, सापडला. ही मांडणी मला चुकीची वाटते. १९३८मध्ये ब्रिटिश सरकारच्या रेडिओ संशोधन मंडळाने लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीकडे मदत मागितली; रेडिओतली अरेषीय अवकल समीकरणं अभियंत्यांना दाद देत नव्हती. केंब्रिजच्या गणितज्ञ मेरी कार्टराइट यांनी ते काम अंगावर घेतलं, जे. ई. लिटलवुडना सोबत घेतलं आणि युद्धाच्या धामधुमीत ते चालू ठेवलं. एकेक उत्तर आकड्यांत काढण्याऐवजी त्यांनी विचारलं, की सगळी उत्तरं मिळून कशी वागतात?

१९४५च्या त्यांच्या निबंधात जे आलं, ते आजही पुरेसं वाचलं जात नाही. व्हॅन डर पोलच्या मंडलासारख्या दोलकाला बाहेरून दिलेल्या रेट्याच्या काही मूल्यांना एकच स्थिर आवर्तकाल मिळतो आणि सगळं सुरळीत चालतं. इतर काही मूल्यांना दोन निरनिराळे आवर्तकाल शेजारी नांदतात. कोणता वाट्याला येईल ते सुरुवातीवर ठरतं. त्या दोहोंच्या मधल्या सीमेवर असंख्य अनियमित उत्तरं असतात. तीही मर्यादित पट्ट्याबाहेर जात नाहीत. म्हणजे अनियमितता उपजायला बाहेरचा गोंगाट लागत नाही. मात्र ‘काहीही होऊ शकतं’ असंही नाही. लॉरेन्झच्या १९७२च्या व्याख्यानाच्या शीर्षकातलं ब्राझीलमधल्या फुलपाखराच्या पंखांनी टेक्सासमध्ये वादळ उठतं का, हासुद्धा एक प्रश्न होता, निष्कर्ष नव्हे.

१९४९मध्ये गणितज्ञ नॉर्मन लेव्हिन्सनने हे काम सोपं करून मांडलं आणि त्याच्याच पत्रामुळे गणितज्ञ स्टीफन स्मेल पुढे नालाकृती नकाशापर्यंत, म्हणजे ताणून घोड्याच्या नालासारखं दुमडण्यातून केऑस दाखवणाऱ्या गणिती चित्रापर्यंत, पोहोचला. ही साखळी सलग आहे, आणि तिच्या मध्यभागी कॉम्प्युटर नाही, कार्टराइट आहेत. आपल्या अभियांत्रिकी आणि विज्ञान महाविद्यालयांनी केऑसचा धडा लॉरेन्झपासून न शिकवता निऑनच्या या मंडलापासून शिकवावा. ते प्रयोगशाळेत एका दुपारी जोडता येतं. विद्यार्थ्यांना आधी पायऱ्या ऐकू द्याव्यात, खरखर त्यानंतर.